उजव्या बाजूने चालणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

थोरल्या भावाला तुमच्याकडे 'चेट्टा' म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत. पण आईने तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच 'दादा' करून टाकलं, तेव्हा मीही तेच म्हणते. केरळहून घरी येऊन बारा दिवस झाले. फोनवर आभार मानायचे तर आई शेजारी बसून 'काय म्हणाले? काय म्हणाले?' करणार आणि माझं बोलणं अर्धवट राहणार. म्हणून लिहितेय.

त्या बुधवारी सकाळी आम्ही तुमच्या रिक्षापाशी आलो तेव्हा खरं सांगायचं तर माझा मूड गेलेला होता. आमची मूळ सहल चाळीस जणांची, झेंडा घेतलेला मुलगा पुढे आणि गळ्यात माईक. दोन दिवस आधी मुन्नारच्या चहाच्या कारखान्यापाशी तो आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही गाडीतच आराम करा. आतलं माईकवरचं तुम्हाला तसंही कळणार नाही." आईने मान डोलावली. तिला ऐकू आलं नाही की ती मान डोलावते, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्याला वाटलं, मावशींना पटलं. मी रात्री त्यांच्या मॅनेजरशी बोलले तर तो म्हणे, "मॅडम, चाळीस लोक आहेत, एकासाठी किती थांबणार?" त्याच रात्री ठरवलं, कोचीचा दिवस आपला आपण काढायचा. हॉटेलवाल्याने तुमचं नाव सुचवलं. मराठी बोलतात म्हणाला, अंबरनाथला होते बरीच वर्षं. तेवढ्यावरच मी हो म्हटलं.

आणि तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "काकूंचा कुठला कान चांगला? डावा की उजवा?"

दादा, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ज्या दुकानाने आम्हाला महागडं यंत्र विकलं (ते हल्ली देव्हाऱ्याच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांशेजारी असतं, कारण कानात घातलं की शिट्टी मारतं), तिथेही नाही. लोक विचारतात, "ऐकू येत नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता ओरडायला लागतात. मलासुद्धा क्षणभर आठवावं लागलं. उजवा, मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिलात. संध्याकाळपर्यंत ती बाजू सोडली नाहीत.

फोर्ट कोचीत काय पाहिलं ते मी इथे उगाळत बसत नाही. तुम्ही रोजच दाखवता. पण सेंट फ्रान्सिस चर्च सांगायला हवं. १५०३ सालची मूळ जागा, वास्को द गामा १५२४ मध्ये इथेच कोचीत वारला, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, आता आहे ती नुसती कठड्यातली शिळा. हे सगळं तुम्ही तिच्यासमोर उभं राहून, आवाज न चढवता सांगितलंत. ओरडलं की शब्द फुटतो, हळू आणि स्पष्ट बोललं की पोचतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल असा प्रश्न मला तिथेच पडला होता. मग तुम्ही छताला टांगलेले कापडी पंखे दाखवलेत. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जायच्या आणि बाहेर बसलेला माणूस त्या ओढायचा, हे सांगताना तुम्ही स्वतःच दोरी ओढून दाखवलीत. आई जरा वेळ त्या भोकांकडे बघत राहिली. मग तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आत प्रवचन चाललंय आणि ह्या बिचाऱ्याला एक अक्षर ऐकू येत नाही!" सगळं चर्च वळून बघायला लागलं. मी तिला गप्प करायला पुढे झाले, तर तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे काकू. त्याचं कोणी लिहून पण नाही ठेवलं."

रिक्षाचंही लक्षात आहे. चालत्या रिक्षात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. काही दाखवायचं असलं की रिक्षा बाजूला, इंजिन बंद, आणि पूर्ण मागे वळून तिच्याकडे बघत सांगायचं. वेली भागातल्या धोबीघाटाजवळ असे तीनदा थांबलो. मागचा टेम्पोवाला तुम्हाला मल्याळममध्ये जे बोलला ते मला कळलं नाही, आणि बरंच झालं.

मट्टांचेरीच्या ज्यू देवळात आईने सगळ्यात जास्त वेळ लावला. १५६८ चं बांधकाम, वर काचेची झुंबरं, पण तिची नजर खाली फरशीवर. चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरश्या, आणि एकीसारखी दुसरी नाही, हे तुम्ही तिला सांगून चूक केलीत. निवृत्त शिक्षिकेला असं सांगायचं नसतं, ती तपासते. चपला बाहेर काढलेल्या, अनवाणी, कंबरेवर हात ठेवून ती एकेका फरशीवर वाकून बघत होती, जणू वह्या तपासतेय आणि कोणी कॉपी केलीय ते पकडायचंय. वीस मिनिटं गेली. मी तीनदा घड्याळ पाहिलं, तुम्ही एकदाही नाही. मग ती तुम्हाला अलिबागच्या शाळेतले दिवस आणि तिथले शनवारतेली शेजारी सांगायला लागली. कोकणातले हे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून तसं नाव पडलं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही मान वाकडी करून, जवळजवळ आडवे चालत, ऐकत होतात. तुमचं ते वाकडं चालणं सकाळपासून माझ्या डोळ्यांत येत होतं. मला वाटलं, मानेत उसण भरली असेल.

जेवताना उलगडलं. त्या खानावळीत तुम्ही आईच्या शेजारी बसला नाहीत, समोर बसलात. लाल भात, सांबार, अवियल, आणि पेल्यात ते गुलाबी कोमट पाणी. आईला वाटलं कोकम. तुम्ही सांगितलंत, पतिमुखम म्हणून एका झाडाचं लाकूड उकळतात. मग मी फोनवर शोधलं तर आपलं पतंगाचं लाकूड निघालं. तेवढ्यात वाढप्याने तुमच्या डावीकडून काहीतरी विचारलं आणि तुम्ही वळला नाहीत. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा वळलात. मी बघतेय हे तुमच्या लक्षात आलं आणि हसून म्हणालात, "माझा डावा गेला ताई. अंबरनाथला बारा वर्षं पॉवर प्रेसवर होतो, त्या मशीनच्या आवाजात. म्हणून काकूंच्या समोर बसलो, शेजारी बसलं की दोघांपैकी एकाची पंचाईत."

घास हातातच राहिला माझा. आईचा चांगला कान उजवा, म्हणून तुम्ही तिच्या उजवीकडे. म्हणजे तुमची डावी बाजू, तुमचा गेलेला कान, दिवसभर तिच्याकडे. तिला तुमचं ऐकू यावं म्हणून तुम्ही स्वतःला तिचं ऐकू येणार नाही अशी बाजू घेतली होतीत, आणि मग प्रत्येक वाक्याला मान वळवून, आडवं चालून तिचं ऐकत होतात. तेही मराठीत, जी तुम्ही गावी परतल्यापासून फारशी बोलला नव्हता.

ती उसण नव्हती तर.

आता माझं ऐका, कारण हे घरात कुणाला सांगायचं धाडस नाही. त्या झेंडेवाल्या पोरावर मी चिडले, पण मी तरी काय करत होते? आमच्या घरात चारजण जेवायला बसतो, काहीतरी विनोद होतो, सगळे हसतात, आई विचारते, "काय झालं?" आणि आम्ही म्हणतो, "काही नाही, नंतर सांगते." हे 'नंतर' कधी येत नाही. टीव्हीवरची बातमी, लग्नातल्या गप्पा, डॉक्टर काय म्हणाले, सगळं नंतर. माझ्या अंदाजाने तिचे गेले आठ-दहा वर्षांचे सगळे विनोद आमच्याकडे थकबाकीत आहेत. गाडीत बसवून ठेवणारा तो निदान तोंडावर तसं बोलला. आम्ही प्रेमाने बसवून ठेवलं होतं. तुम्ही दिवसभरात एकदाही 'नंतर' म्हणाला नाहीत, हे मला संध्याकाळी कळलं, आणि कुणाला सभ्य माणूस म्हणायचं याचं माझं माप त्या दिवसापासून जरा बदललंय. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. पण समोरच्याला नेमकी कुठली बाजू लागते ते विचारून तिकडे जाऊन उभा राहणारा मला तरी पहिल्यांदा भेटला.

संध्याकाळचं आता. कथकलीला नेऊ नका, असं मीच तुम्हाला सकाळी सुचवलं होतं, आठवतं? गाणं मल्याळम, त्यात तिला ऐकू येत नाही, दीड तास बसून काय करेल. तुम्ही म्हणालात, "ताई, तिथं नट बोलतच नाही. गाणारे मागे गातात, हा हातांनी सांगतो. चोवीस मुद्रा आहेत, सगळं त्यात येतं." आणि सहाचा खेळ असून पाचलाच नेऊन बसवलंत, कारण रंगताना बघायचं.

ते दृश्य मी विसरणार नाही. चटईवर नट उताणा पडलेला, डोळे मिटलेले, चेहरा हिरवागार. दुसरा माणूस उशाशी बसून त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाच्या पिठाची लुकण लावून पांढऱ्या कागदाची महिरप चिकटवतोय, इतक्या हळू की डोळ्यांतलं कुसळ काढतोय असं वाटावं. चुट्टी म्हणतात म्हणालात. हिरवा म्हणजे सज्जन नायक. शेजारी नारळाच्या तेलात खललेला रंग, एक आरसा, एक समई. सगळे गप्प. आणि त्या शांततेत आई कडाडली, "अरे, ह्यो तर आपलो दशावतारच!"

तिचं माहेर कुडाळकडचं. अलिबागला आणि मग ठाण्याला आयुष्य काढून तिची मालवणी आता कधीमधीच बाहेर येते. लहानपणी जत्रेत गोणपाटावर बसून रात्र रात्र दशावतार बघितलेला, पेटाऱ्यातून कपडे काढून नट आपलं तोंड आपणच रंगवतात ते देवळामागे लपून बघितलेलं. हे सगळं तिने तिथेच सुरू केलं. चटईवरच्या नटाला हसायची सोय नव्हती, चुट्टी ओली होती. चेहरा दगडासारखा, पण पोट गदगदा हलत होतं. मी शरमेने मेले होते आणि तुम्ही त्या चुट्टीवाल्याला आईचं बोलणं मल्याळममध्ये सांगत होतात.

खेळ होता 'कल्याणसौगंधिकम्'. चहा पिताना तुम्ही गोष्ट सांगायला घेतलीत, द्रौपदीला फूल हवं असतं, भीम निघतो... आणि आईने तुम्हाला तिथेच थांबवलं. "वाटेत म्हातारा मारुती आडवा पडलेला असतो. शेपूट हलवून दाखव म्हणतो. मला काय सांगता!" तुम्ही कान पकडलेत, उजवा.

पहिल्या रांगेत लाकडी बाकावर बसवलंत, चेंडा म्हणजे तो ढोल वाजवणाऱ्यांच्या जवळ. दोघांनी धरलेला पडदा, समई, आणि चेंडा सुरू झाला तेव्हा आईने दोन्ही तळवे बाकावर टेकले. माझ्याकडे वळून म्हणाली, "पोटात वाजतंय गं." किती दिवसांनी तिने काही 'वाजतंय' म्हटलं.

मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते, त्यामुळे निम्मं हुकलंच. भीमाने शेपटीवर गदा लावून जोर केला, पांढऱ्या दाढीचा मारुती डोळे मिचकावत पडून राहिला, मग त्याने हातांनी बरंच काही सांगितलं, भुवया उडवल्या, गाल थरथरवले. रांगेतले परदेशी पाहुणे हातातला कागद वाचत होते. आई हसत होती, योग्य जागी. मी वाकून तिच्या उजव्या कानात विचारलं, "आता काय म्हणाला तो?"

तिने रंगमंचावरची नजर न काढता माझ्यापुढे हात आडवा धरला. "थांब. नंतर सांगते."

तुम्ही पलीकडे बसला होतात. तुम्हाला ऐकू आलं असणारच, कारण समईच्या उजेडात तुमचे खांदे हललेले मला दिसले.

आणि तिने सांगितलंही. रात्री खोलीवर, साडेअकरापर्यंत, पलंगावर मांडी घालून, स्वतःचे हात वाकडे-तिकडे करत. भुंगा कमळात शिरतो तोसुद्धा करून दाखवला. मी व्हिडिओ पाहिला नाही, तिच्याकडे बघत बसले.

पार्सल पाठवलंय. कोकमं आहेत, आगळाची बाटली वेगळी बांधलीय, मेतकूट आहे. आईने स्वतः चिठ्ठी लिहिलीय, त्यात थोडी झाडाझडतीही आहे, मशीनवर असताना कानात कापूस का नाही घातला वगैरे. मनावर घेऊ नका, तिच्या विद्यार्थ्यांनाही ती असंच लिहिते.

काल पत्राचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, दादांना एक विचार, तो चुट्टीचा कागद रात्री काढताना त्या माणसाची कातडी दुखते का? मी म्हटलं, "हो, विचारते नंतर," आणि लगेच जीभ चावली. म्हणून आत्ताच विचारते दादा. दुखते का? कळवा. ती रोज विचारतेय.

तुमची,
ताई
ठाणे