भूगर्भातील पाणी म्हणजे महासागर नव्हे

महोदय,

‘जमिनीखाली सापडला महासागर’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, जिथे बोअर वर्षागणिक खोल जात आहेत आणि एका कोरड्या बोअरपायी शेतकरी कर्जात बुडतो, तिथे असा मथळा निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

शोध खरा आहे आणि विलक्षणही आहे. २०१४ साली ब्राझीलमधील एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा सूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी निघाले. हे खनिज प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालील जाड खडकाळ थरात, ५२० ते ६६० किलोमीटर खोलीवर असते. माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम १२ किलोमीटरांपर्यंत पोहोचले आहे. शिवाय हे पाणी वाहते नाही, ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असते. सावदा परिसरातील खाणींत मिळणारा झिओलाइट या खनिजाचा खडा परीक्षानळीत तापवला, तर कोरड्या दिसणाऱ्या त्या दगडातून निघालेले पाणी नळीच्या थंड भागावर थेंबांच्या रूपाने जमते. बांधणीचा प्रकार वेगळा असला, तरी दगडात पाणी कसे असू शकते, हे यावरून सहज पटते.

प्रावरणात हे पाणी पोहोचते ते मुख्यतः समुद्रातून. महासागरी भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य थराचा समुद्राखालचा विशाल तुकडा) दुसऱ्या भूपट्टाखाली जाण्यासाठी वाकतो तेव्हा त्याला खोल भेगा पडतात, त्यांतून समुद्राचे पाणी आत मुरते आणि तेथील ऑलिव्हिन या खनिजाचे सर्पेंटाइन हे दुसरे खनिज बनते, ज्याच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी असते. पट्ट खाली जाऊ लागला की वाढत्या उष्णतेने बरेचसे पाणी साधारण १०० किलोमीटरच्या आसपास सुटते, वरच्या खडकाचा द्रवणांक उतरवते आणि शिलारस तयार होतो. अंदमानातील बॅरन बेटाचा ज्वालामुखी याच प्रक्रियेतून धगधगतो. (आपल्या खानदेशातील काळा पाषाण मात्र असा झालेला नाही.) उरलेले पाणी आणखी खोल जाते. ते किती, यावर अजून मतभेद आहेत. प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेविषयीच्या २०१८ च्या अभ्यासात ते पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे चौपट निघाले.

आपल्या विहिरींना लागणारे पाणी पावसाचे असते आणि ते तापीच्या गाळात वा बेसाल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या पाषाणाच्या, भेगांत साठते. तेव्हा अशी बातमी देताना खोलीचा आकडा आणि पाण्याचे स्वरूप मथळ्यालगतच छापावे, ही नम्र विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, जळगाव