नागपूरच्या महाल भागातल्या वायरिंगवाल्या काकांस खुले आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मोटरसायकलच्या चार्जिंगमधला दोष आपण शोधून दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मात्र तो ज्या पद्धतीने शोधलात, तिचे मोल मला अधिक वाटते. ती पद्धत नागपुरातल्या इतर दुचाकीस्वारांपर्यंतही पोहोचावी, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

बुटीबोरीची पाळी संपवून रात्री वर्धा रोडने परतताना हेडलाइट मंदावत जायचा आणि सकाळी सेल्फ दाबला की नुसती टकटक ऐकू यायची. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून दिली गेली, तीही लवकरच बसली. पुढच्या ठिकाणी आरआर युनिट, म्हणजे इंजिनाच्या मॅग्नेट कॉइलमध्ये तयार झालेली वीज बॅटरीजोगी करून देणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, बदला असे सांगण्यात आले, तेही मीटर न लावता. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत बॅटरी पार उतरली की पेट्रोलचा पंपही चालत नाही, त्यामुळे गाडी ढकलून सुरू होण्याची आशाही फारशी उरत नाही. रात्रपाळीच्या माणसाला याची किती धास्ती असते, हे आपण न सांगता ओळखलेत.

आपण आधी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घेतलीत, कारण अर्धवट भरलेल्या बॅटरीवरचे माप विश्वासाचे नसते. इंजिन बंद असताना १२.७ व्होल्ट आणि सेल्फ मारताना १० च्या वर, म्हणजे बॅटरी निर्दोष ठरली. मग इंजिन ५,००० आरपीएमवर धरलेत. तेव्हा बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवे होते, पण मीटर १२.८ च्या पुढे सरकेना. कॉइलकडून येणारा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवून तीन पिवळ्या वायरींवर दोन-दोन करून एसी व्होल्टेज मोजलेत, ते तिन्ही जोड्यांवर साठच्या आसपास आणि जवळजवळ सारखे निघाले. कुठलीही पिवळी वायर चेसिसला लागलेली नव्हती. म्हणजे मॅग्नेट कॉइलही ठीक होती. आरआर युनिटचे डायोड एका दिशेने प्रवाह सोडत होते, उलट दिशेने अडवत होते.

सगळे भाग निर्दोष आणि तरी चार्जिंग नाही, अशा वेळी पुष्कळ कारागीर अंदाजाने एखादा भाग बदलून टाकतात. आपण तो कपलरच हातात घेतलात आणि उजेडात धरून मला दाखवलात. एका पिवळ्या वायरीची पिन काळवंडली होती आणि भोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळू लागले होते. पिन सैल झाली की तिथला रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने पिन आणखी सैल होते आणि तिच्यावर गंज चढतो. अर्धा ओहम रोधातून दहा अँपियर गेले तर त्या एवढ्याशा जागी ५० वॅट उष्णता तयार होते, हा हिशेब आपण जुन्या बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलात. तो कागद मी जपून ठेवला आहे. तीनपैकी एक वायर अशी अडली की कॉइलची ताकद आरआर युनिटपर्यंत पुरती पोहोचतच नाही, आणि कपलर सोडवून कॉइलकडच्या बाजूने मोजले तर हा दोष दिसतही नाही.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि चालकाला तो बंद करता येत नाही. त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीत गाडी आयडलवर उभी असतानाही बॅटरीवर भार असतोच. त्यात आपल्याकडचे मे महिन्याचे ४५ अंशांचे ऊन. आरआर युनिट स्वतःच तापणारा भाग आहे, म्हणून त्याच्या धातूच्या पात्यांवरचा (फिन्सवरचा) चिखल काढून त्याला वारा लागू द्यायला आपण सांगितलेत. हे मी तेव्हापासून पाळत आहे.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची सवय आपल्या शहरात बऱ्याच ठिकाणी आहे. आपण ती कधीही करू देऊ नका असे बजावलेत, कारण बॅटरी नसताना व्होल्टेज एकदम उसळते आणि त्यात गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, जळू शकतो. या एका सूचनेने कित्येकांचा मोठा खर्च वाचेल.

जळलेली पिन कापून वायर पिळून टेप गुंडाळणे सोपे होते. आपण नवा कपलर आणलात, पिना योग्य पकडीने दाबून बसवल्यात आणि वर स्लीव्ह चढवलीत. नंतर हेडलाइट चालू ठेवून आरआर युनिटच्या लाल वायरीपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मीटर लावलात, तेव्हा तिथली व्होल्टेजची घट ०.२ व्होल्टच्याही आत होती, आणि ५,००० आरपीएमवर बॅटरीवर १४.२ व्होल्ट आले. नवे आरआर युनिट माझ्या गळ्यात बांधणे आपल्याला सहज शक्य होते, मी पैसे मोजायला तयारही होतो. आपण फक्त कपलरचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत.

पावसाळा संपला की कपलर पुन्हा उघडून पाहायला आपण सांगितले आहे. दिवाळीच्या आधी गाडी घेऊन येतो. शेजारच्या मुलाच्या गाडीचीही बॅटरी सारखी बसते आहे, त्यालाही काही बदलू नकोस, आधी काकांकडून मोजून घे, असे सांगून सोबत आणणार आहे.

आपला कृतज्ञ,
बुटीबोरीला ये-जा करणारा एक दुचाकीस्वार