शिंगांची टोपी नको, फक्कीचे जहाज आखा

मा. संपादक,

शाळेतल्या आनंददायी शनिवारी तिसरी-चौथीला व्हायकिंग (हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी) शिकवायचे ठरले, की पुठ्ठ्याच्या टोपीला दोन शिंगे चिकटवून बरेच जण मोकळे होतात. ही शिंगे मुख्यतः 1876 साली जर्मनीत रंगमंचावर आलेल्या संगीत नाटकाच्या पोशाखातून रूढ झाली. नॉर्वेत 1943 साली सापडलेले खरे शिरस्त्राण साधे गोल आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी. शिंगांचा मागमूस नाही.

त्यापेक्षा पटांगणावर जहाज आखावे. नॉर्वेतच 1880 साली उकरून काढलेले गोकस्टाड जहाज सुमारे 23 मीटर लांब, 5 मीटर रुंद आहे. कबड्डीच्या 13 बाय 10 मीटर मैदानाशेजारी आखले की ते केवढे मोठे होते, हे मुलांना न सांगता कळते. आधी 23 मीटर सुतळी ताणा, मध्यावर दोन्हीकडे अडीच मीटरवर खुणा करा आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी कड फक्कीने ओढा. सरळ चौकोन आखला तर तो तराफा होतो. दोन्ही कडांना सोळा-सोळा मुले, मीटरभर अंतराने, तोंड जहाजाच्या मागच्या टोकाकडे. पट कमी असेल तर चार जोड्याही चालतील. वल्ह्याला पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली काठी) नको, तिच्या फांद्या ओरबाडतात, तुरकाठी बरी.

वर्गात पुठ्ठ्याची नाव करून घ्यावी. 3 सेंमी रुंदीच्या पट्ट्या तळापासून वर लावत जायच्या. वरची पट्टी खालचीवर बाहेरून 1 सेंमी चढली पाहिजे. एक डावीकडे, एक उजवीकडे, असेच जावे. एक बाजू आधी पुरी केली की नाव पिळवटते. टोकांशी पट्ट्या उसळतात, तिथे वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. व्हायकिंग सांध्यांत डांबरात भिजवलेली लोकर भरत. आपल्याकडे कापसाची वात मेणात बुडवून भरावी. आतून-बाहेरूनही मेण हवेच, नाहीतर डिंक पाण्यात सुटतो आणि नाव पाण्याच्या घमेल्यात तळाला बसते. मेण मात्र गुरुजींनीच वितळवावे. नाव तरंगली की खडे भरून ती किती बुडते ते पट्टीने मोजायला सांगा. खऱ्या जहाजाला साधारण मीटरभर खोल पाणी पुरे, म्हणूनच 845 साली हे लोक सीन नदीतून थेट पॅरिसला धडकले.

कालरेषेवर 793 लिहिताना इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न मठावरचा हल्ला आणि राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद गादीवर आला ते साल शेजारी मांडा. त्याच्याच घराण्याने कोरवलेले कैलास लेणे चाळीसगावकडची मुले घाट चढून पाहून आलेली असतात. स्वीडनच्या हेल्गो बेटावर 1956 साली भारतीय उपखंडाच्या वायव्येकडची, वीतभरही नसलेली बुद्धमूर्ती सापडली. तिचे चित्र दाखवा आणि नकाशावर ती तिथवर कोणत्या नद्यांनी गेली असेल, हे मुलांनाच बोटाने शोधू द्या.

— काही प्राथमिक शिक्षक, चाळीसगाव