मावशीच्या वर्षश्राद्धानंतर

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मावशीच्या वर्षश्राद्धाहून पुण्याला परतून आठ दिवस झाले, तरी स्वयंपाकघरातले ते बोलणे मनातून जात नाही. आई, तू वड्यांचे पीठ मळत होतीस. मावशी ज्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने गेली, त्यासाठीच्या एचपीव्ही चाचणीचा मी विषय काढला, तेव्हा हात न थांबवता तू म्हणालीस, "रक्तातच असेल तर तपासून काय करायचे?" तेवढ्यात मामींनी मावशीच्या मोठीला आलेल्या स्थळाकडे 'पोटाचा विकार होता' एवढेच सांगायचे असे बजावले, आणि बाबा, तुम्ही ओसरीवरून सर्वांची जीन तपासणी करून टाकू म्हणालात. या तिन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे हा आजार घराण्यातून उतरतो.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गावाचून जवळजवळ होतच नाही. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळाले. या विषाणूचे 16 आणि 18 हे दोन प्रकार सुमारे 70 टक्के रुग्णांच्या आजाराला कारण असतात. तो लैंगिक संबंधातून येतो हे खरे, परंतु तो इतका सर्वत्र आहे की बहुतेक विवाहित स्त्रियांना केव्हा ना केव्हा त्याची लागण होते आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघूनही जातो. त्यामुळे मावशीच्या किंवा काकांच्या वागण्याविषयी कुजबुजणाऱ्यांना मी त्या दिवशीच उत्तर द्यायला हवे होते.

मग एकीच्या शरीरातून तो जातो आणि दुसरीच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडतो, असे का? येथे तुझ्या 'रक्तात' या शब्दाला थोडा आधार आहे. स्वीडनमध्ये कुटुंबांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की ज्यांच्या सख्ख्या बहिणीला किंवा आईला हा आजार झाला, त्यांना असलेला धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. मात्र रक्ताचे नाते नसताना एका घरात वाढलेल्या बहिणींमध्ये ही वाढ फारशी दिसली नाही. याचा अर्थ काही भाग खरोखरच वारशाचा आहे. त्यातला आजवर उलगडलेला भाग मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए नावाच्या जनुकांत आहे. पेशीत शिरलेल्या विषाणूचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर धरून तो प्रतिकारशक्तीला दाखवण्याचे, म्हणजे एका अर्थी ओळखपरेड घडवण्याचे काम ही जनुके करतात. काहींच्या अंगची एचएलए या विषाणूचा तुकडा नीट दाखवतात, काहींची तितकीशी नाही. प्रत्येकाला त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे तुझे आणि मावशीचे दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता चारात एक आहे. तेव्हा सख्खी बहीण असूनही तुझे शरीर याच विषाणूला अगदी वेगळ्या रीतीने तोंड देत असेल. शिवाय दुप्पट हा आकडा कानाला मोठा वाटला, तरी मूळ धोकाच थोडा असेल तर त्याची दुप्पटही थोडीच राहते.

बाबा, तुमच्या जीन तपासणीविषयी. स्तनाच्या कर्करोगात बीआरसीए जनुकाची तपासणी करतात, तिचा उपयोगही होतो. या आजारात तसे एकच ठळक जनुक हाती लागलेले नाही. 1998 साली पी53 नावाच्या जनुकाच्या एका रूपामुळे धोका सातपट होतो असे एका नामांकित नियतकालिकात छापून आले होते, आणि पुढच्या अनेक अभ्यासांत ते टिकले नाही. तुम्ही जपून ठेवता त्या कात्रणांविषयी मी थोडी साशंक असते ती यामुळेच. ते पैसे एचपीव्ही चाचणीला लावा. गर्भाशयमुखावरून ब्रशने स्राव घेतात, दोन मिनिटे लागतात. थोडे अवघडल्यासारखे होते, पण दुखत नाही.

या चाचणीची मोठी परीक्षा आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झाली, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? 1999 पासून बार्शीच्या आणि मुंबईच्या कर्करोग रुग्णालयांनी तेथील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास केला आणि 2009 साली निष्कर्ष जाहीर झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तेथे या आजाराने होणारे मृत्यू चाचणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. त्या स्त्रियांची जनुके कोणी बदलली नव्हती. लागण टिकून राहिली तरी कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, आणि त्या अवधीत बिघडलेला भाग काढून टाकता येतो. मावशीला अंगावरून जात असताना ती वर्षभर 'पाळी जाताना असे होतेच' म्हणत राहिली, आणि आपणही मान डोलावली.

आई, तू 58 वर्षांची आहेस. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून करायची साधी तपासणी पुरेशी भरवशाची राहत नाही, म्हणून एचपीव्हीचीच करून घे. मावशीच्या मोठीला तिशीनंतर ती करायची आहेच. स्थळाला मात्र आजाराचे खरे नाव सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे. धाकटी तेरा वर्षांची आहे, तिला एचपीव्हीची लस देण्याविषयी मी काकांशी बोलले आहे.

पुढच्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, मी आदल्या रात्री येते. बाबा, रक्ततपासणीसारखे समजून आईला चहावाचून ठेवू नका. या चाचणीला उपाशी राहावे लागत नाही.

तुमची,
ताई