डोंबिवलीची झाडे, सोलापूरचे पाणी

सोलापूर,
दि. २१ सप्टेंबर

प्रिय मित्र अविनाश यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दिवाळीनंतर तू डोंबिवलीचे बिऱ्हाड हलवून जुळे सोलापुरातल्या नव्या घरी कायमचा येतो आहेस, हे वाचून किती बरे वाटले ते भेटीतच सांगेन. मात्र माशांच्या काचेच्या टाकीतली झाडे सोबत आणावीत का आणि इथे आणखी कोणती लावावीत, हा तुझा प्रश्न भेटीपर्यंत लांबवण्यासारखा नाही, कारण तोवर तू त्या लाल रोटाला नावाच्या नाजूक पाणझाडाचे गाठोडे बांधून मोकळा झालेला असशील.

तो लाल रोटाला आणू नकोस. तिकडे तो जोमाने वाढला याचे श्रेय तू स्वतःच्या हाताला देतोस, पण निम्मे श्रेय तुमच्या नळाचे आहे. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे ते पाणी मऊ असते. आपल्याकडे उजनीचे पाणी त्याहून जड, आणि सोसायटीच्या बोअरचे तर विचारूच नकोस. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही अशी तुझ्या आईची तक्रार असे, ती आठवते ना? डाळ कडक ठेवणारे तेच क्षार तुझ्या झाडांच्याही वाट्याला येणार आहेत. मी परवाच थेंबांच्या औषधाने पाणी तपासून पाहिले. पाच मिलिलिटर पाण्याचा निळा रंग पिवळा व्हायला नळाच्या पाण्याला आठ थेंब लागले आणि बोअरच्या पाण्याला अठरा. तुझ्याकडे ते औषध असेल तर तिथले थेंब मोजून ठेव. माझ्या अंदाजाने दोन-तीन थेंबांतच रंग पालटेल.

या क्षारांनी झाडाचे नेमके काय अडते, ते मला फार उशिरा कळले. झाडाला कर्ब, म्हणजे कार्बन, लागतो. मऊ पाण्यात तो त्याला विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने मिळतो, पण आपल्या जड पाण्यात बहुतेक कर्ब बायकार्बोनेट या क्षाराच्या रूपात अडकलेला असतो आणि मऊ पाण्यातल्या बहुतेक नाजूक झाडांना तो तिथून सोडवून घेता येत नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट या पाणझाडांना मात्र तो घेता येतो. माझ्याकडे आलास की संध्याकाळी हायड्रिलाच्या एखाद्या जुन्या पानावरून बोट फिरवून पाहा; वरच्या बाजूला बारीक रव्यासारखी खरखर लागेल. पानाने बायकार्बोनेटमधला कर्ब घेतला की मागे राहिलेला चुना तिथेच बसतो, त्याचा तो थर असतो. ज्या पाण्याने माझी महागडी झाडे महिन्याभरात काळवंडली, त्याच पाण्यावर हे फुकटचे झाड दिवसाला बोटभर वाढत होते, आणि मी मात्र ते उपटून फेकत होतो. झाड आधी आवडायचे आणि मग पाणी त्याच्याजोगे करत बसायचे, हा उद्योग मी तीन वर्षे केला. आता घरात येणारे पाणी आधी पाहतो आणि त्यात आपणहून वाढेल तेच लावतो.

आर. ओ.चे पाणी वापरीन, असे तू म्हणशील. सगळी टाकी त्या पाण्याने भरू नकोस. घरच्या यंत्रातून एक घागर पाणी मिळते तेव्हा त्याहून जास्त पाणी मोरीत जाते, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हे माझ्या जिवावर येते. मात्र उन्हाळ्यात बाष्प होऊन गेलेल्या पाण्याची भर घालायला तेच पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापर, कारण वाफ निघून जाते पण क्षार मागेच राहतात, आणि बोअरचे पाणी ओतत राहिलास तर टाकी महिन्यागणिक आणखी जड होत जाते. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरी कड दिसू लागली की हेच चालले आहे असे समज.

व्हॅलिस्नेरिया मात्र अवश्य लाव. रिबिनीसारखी लांब पाने असणारे हे झाड आडव्या धुमाऱ्यांनी पसरते आणि वर्षभरात मागची सगळी काच झाकून टाकते. गेल्या वर्षी माझ्याकडे त्याला फूल आले. दोऱ्याइतका बारीक, मळसूत्रासारखा वळलेला देठ तळापासून पृष्ठभागापर्यंत चढला होता आणि टोकाला जेमतेम तांदळाएवढे पांढुरके फूल पाण्याच्या पातळीशी उघडले होते. नर फुले पाण्याखालीच सुटतात, वर येऊन तरंगतात आणि वाहत वाहत त्या फुलाला येऊन लागतात. मग देठ पुन्हा वेटोळे घेऊन फळाला खाली ओढून नेतो. माझ्याकडे नराचे झाडच नव्हते, त्यामुळे पुढचा सोहळा झाला नाही, तरी हिने मला दोनदा जेवायला हाक मारली आणि मी काही उठलो नाही.

हायड्रिला विकत घ्यावी लागत नाही, पण तळ्यातून आणशील तर माझ्यासारखा उतावळेपणा करू नकोस. मी एकदा मूठभर आणून नळाखाली धरली आणि थेट टाकीत सोडली. दहा दिवसांत गप्पीची सगळी पिल्ले नाहीशी झाली. शेवटी एका रात्री बॅटरी लावून पाहिले तेव्हा देठाला चिकटलेली, चिखलाच्या रंगाची, चतुराची अळी दिसली. माझ्या डोळ्यांदेखत तिने खालचा ओठ हातासारखा पुढे फेकला आणि पिल्लू ओढून घेतले. तेव्हापासून बाहेरचे कोणतेही झाड आधी दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात ठेवतो, धुतो आणि मग दोन आठवडे वेगळ्या बादलीत राहू देतो. उसाच्या फडाला लागून असलेल्या चारीतले झाड तर आणतच नाही, कारण त्यावर कसली फवारणी झाली आहे ते सांगता येत नाही. आणि छाटलेला पाला तळ्यात टाकू नकोस, कुंडीत घाल. संभाजी तलावात जलपर्णीने काय केले ते आपण दोघांनीही पाहिले आहे.

तुझ्या टाकीतले अनुबियास आणि जावा फर्न खुशाल आण. दोन्ही सोशिक आहेत, पाणी जड आहे म्हणून अडत नाहीत. त्यांचा आडवा जाड कंद मात्र रेतीत पुरायचा नाही, पुरला की तो कुजतो. दगडाला किंवा लाकडाला बांधायचा. तू प्लास्टिकचा दोरा वापरतोस, इथे सुताचा वापर. यंत्रमागावरच्या सुताची सोलापुरात काय कमी! सूत काही महिन्यांत कुजून आपोआप सुटते आणि तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. क्रिप्टोकोरीनही आण, पण ती नव्या पाण्यात आली की आठवड्याभरात तिची पाने विरघळल्यासारखी गळून पडतील. तेव्हा घाबरून ती उपटू नकोस. मुळे शाबूत असली तर तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतात आणि ती इथल्या पाण्याला सरावलेलीच येतात.

दुकानातून घेताना एक सांभाळ. पाण्यातली झाडे म्हणून विकली जाणारी सगळीच झाडे पाण्यातली नसतात. एका दुकानात मला जांभळ्या, चुरगळल्यासारख्या पानांचे एक देखणे झाड मिळाले आणि सोबत लकी बांबूच्या चार कांड्याही मिळाल्या. दोन्ही कुंडीतली झाडे, पूर्ण बुडवली की महिना-दोन महिन्यांत सडतात आणि पाणी नासवतात. साधी परीक्षा अशी, की झाड पाण्याबाहेर काढल्यावर ताठ उभे राहिले तर शंका घ्यावी, ओल्या फडक्यासारखे लोंबले तर बहुधा ते पाण्यातलेच. अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन या परीक्षेला अपवाद आहेत, तेव्हा तेवढ्यावरून त्यांना नाकारू नकोस.

नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तुझ्या काकांच्या उसावरचा केवडा आठव. चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला घेता येत नाही. टाकीतही तेच होते. खताच्या दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनाने बांधलेले लोह, मिळते, पण ईडीटीए या रसायनाचे घेतलेस तर आपल्या अल्कधर्मी पाण्यात ते फार काळ टिकत नाही. डीटीपीएचे माग, आणि चिमटीपेक्षा जास्त घालू नकोस. तळाला दोन-तीन मिलिमीटर दाण्याची धुतलेली रेती पुरे. काळी माती खाली घालण्याचा मोह आवर, कारण एक झाड उपटले की चार दिवस टाकीचा चहा होतो.

दिवा संध्याकाळी सहा-सात तासच लाव. पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी ठेवशील तर झाडांऐवजी शेवाळ पोसशील.

आता मे महिना. मुंबईकडे दमट हवेत टाकीवर पंखा लावून फारसे साधत नाही. इथली हवा कोरडी असल्याने पाण्यावर लहान पंखा सोडला की बाष्पाबरोबर उष्णता निघून जाते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. ते जरूर कर, कारण २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना ७ च्या आसपास. त्यात झाडेही रात्री तो वापरतात. दोन वर्षांपूर्वी माझी टाकी झाडांनी गच्च भरली होती आणि आवाज होतो म्हणून मी रात्री हवेचा पंप बंद ठेवत असे. एका पहाटे पाचला उठलो तर सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून ओळीने उभे होते. तीन दगावले. आता मार्च संपला की एक तृतीयांश पाला छाटतो आणि पंप रात्रभर चालू ठेवतो.

झाडे पाण्यात भरून आणू नकोस. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीचे तोंड बांधून ती डब्यात ठेव. सिद्धेश्वर एक्सप्रेसने कल्याणला रात्री बसलास की सकाळी इथे, तेवढ्या वेळात त्यांना काही होत नाही. टाकी मालाच्या गाडीतून येईल तेव्हा येईल, तोवर माझ्याकडे दोन बादल्या रिकाम्या आहेत. तुझ्यासाठी व्हॅलिस्नेरियाचे बारा धुमारे आजच एका कुंड्यात वेगळे काढून ठेवले आहेत, आणि त्यात मुद्दाम बोअरचेच पाणी भरले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कोणत्या तारखेचे तिकीट मिळाले ते कळव, मी स्टेशनवर येईन.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत