फास नको, बोलाईन हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुडणाऱ्याला दोर कसा टाकावा, याबद्दलचा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात हे उत्तम केलंत. पण सोबतच्या चित्रात दोराच्या टोकाला चक्क सरकफास काढला आहे. तो काखेखालून घालून माणसाला वर ओढलं, तर त्याच्याच वजनाने आवळत जाईल आणि श्वास कोंडेल. तिथे न सरकणारी गाठच हवी. मी जहाजावर सारंग होतो; आम्ही तिला बोलाईन म्हणतो.

माणसाच्या छातीभोवती फिरेल एवढा दोर टोकाकडे सोडून एक छोटा वेढा घाला. वेढ्यात टोकाकडचा पदर वर आणि भाराकडचा, म्हणजे ओढणाऱ्याच्या हाताकडे जाणारा, खाली राहिला पाहिजे. आता टोक वेढ्याच्या खालून वर काढा, भाराच्या दोरामागून फिरवा आणि त्याच वेढ्यातून पुन्हा खाली सोडा. टोक आणि शेजारचा पदर एका मुठीत धरून भाराचा दोर ओढा. मुलांना शिकवताना सशाची गोष्ट सांगतात: बिळातून बाहेर, झाडाला वळसा, परत बिळात. गोष्ट गोड आहे, पण बिळाचा कुठला पदर वर हे ससा सांगत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. वेढा उलटा पडला की ओढताच सगळं सुटून हातात येतं. पुन्हा चित्र छापाल तेव्हा कुठला पदर कुणावरून जातो ते ठळक दिसू द्या.

दुसरं, दोर कसला आहे तेही बघा. काथ्याचा खरखरीत दोर स्वतःच गाठ धरून ठेवायचा. नायलॉनचा दोर गुळगुळीत, त्यात नवा असला तर ताठ. ताण असेपर्यंत बोलाईन हलत नाही, पण दोर ढिला पडून हिसके बसू लागले की ती सैल होत जाते. म्हणून टोक दोराच्या जाडीच्या निदान 12 पट सोडावं, म्हणजे 10 मिलिमीटरच्या दोराला 12 सेंटिमीटर. मी वीतभर सोडतो आणि त्या टोकाची शेजारच्या पदराभोवती दोन वेढ्यांची राखणगाठ मारतो. ती टाळणाऱ्याच्या हाती मी तरी माझा जीव देणार नाही.

गिर्यारोहक आठच्या आकड्याची दुहेरी गाठ पसंत करतात. ती आपोआप सुटत नाही आणि बरोबर पडली की नाही हे दुसऱ्याला लांबूनही कळतं. मात्र मोठा भार पडून गेल्यावर ती सोडवताना नखं तुटतात. बोलाईनच्या पाठीवरचा वळसा अंगठ्याने पुढे ढकलला की ती मोकळी होते. ताण असताना मात्र ती सुटता सुटत नाही, त्यामुळे ताणलेला दोर मध्येच सोडावा लागणार असेल तिथे ती घालू नये.

आणखी एक. पाण्यातल्या माणसाचा एक हात बहुधा कशाला तरी धरण्यात गुंतलेला असतो. बोलाईन एका हाताने स्वतःच्या कमरेभोवती घालता येते. मनगट वळवून वेढा आपोआप पडतो. हे कागदावर समजावणं कठीण आहे, दोर हातात घेऊनच शिकावं लागतं. शाळेत पोहायला शिकवतात तिथेच हेही शिकवावं.

आपला,
एक निवृत्त सारंग