चि. अनूस, पोथी उघडण्याआधी

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

सार्थ ज्ञानेश्वरी कुरियरने पाठवली आहे. सप्ताहात ती सात दिवसांत उरकतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ १२९० ओव्या. घशाला व्यायाम होतो, डोक्यात फारसं उरत नाही (हे मंडळातल्या काकूंना सांगू नकोस). तू रोज २५ घे. नेहमीच्या प्रतीत ९०३३ ओव्या असतात. ३६२ दिवसांत पुऱ्या होतात. आकडे प्रतीप्रतींत थोडे बदलतात, म्हणून एकच प्रत धर.

वाचायचं मोठ्याने. ओवीचे पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. तिथे श्वास घ्यायचा. आधी ओवी, मग अर्थ. उलट केलंस तर महिन्याभरात नुसता अर्थच वाचशील. 'कां' आला की बहुतेकदा तो 'किंवा' असतो, प्रश्न नव्हे. आणि 'जैसें'ने सुरू झालेला दृष्टान्त कधी पाच-सहा ओव्या चालतो. आधी पुढचं 'तैसें' बोटाने शोध, मग मागे ये. तो मध्ये तोडू नकोस, त्या दिवशी २८ झाल्या तरी चालतील.

सहाव्या अध्यायातलं, योगातल्या कुंडलिनीचं वर्णन वाच, करून बघू नकोस. त्याला समोर शिकवणारा लागतो. ज्ञानदेवांनाही निवृत्तिनाथ होते.

पुष्कळ जण तेराव्यात गळतात. ११६९ ओव्या, ४७ दिवस. पण गुरुसेवेचं सगळ्यात बारीक वर्णन तिथेच आहे. शिष्याला गुरूच्या पादुका व्हायचं आहे, छत्र व्हायचं आहे, दाराशी पहाराही त्यालाच करायचा आहे. एवढ्यावर भागत नाही. देह पडल्यावर पंचमहाभूतं कुठे द्यायची तेही तो ठरवून ठेवतो: माती गुरूचे पाय पडतात त्या जागी, पाणी त्यांच्या पाण्यात, आणि तेज त्यांना ओवाळतात त्या दिव्यांत. ही पानं दोनदा वाच.

बाराव्यापासून पुढे अध्यायांच्या सुरुवातीला गुरुवंदना येते. गीतेच्या श्लोकाकडे धावताना लोक नेमकी तीच गाळतात. सोळाव्यात गुरू सूर्य आहे, पण उगवला की विश्वाचा भासच मावळतो, आणि तो अज्ञानाबरोबर ज्ञानाच्याही चांदण्या गिळतो. उजेडाबद्दल इतकं धीट दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल.

अठराव्याला ७३ दिवस धर. पसायदान पाठ असतं म्हणून त्याआधीची गुरुपरंपरा डोळ्यांआड होते: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. ज्यांच्यामुळे ग्रंथ झाला त्यांची नावं आहेत ती, सावकाश घे.

ग्रंथ शके १२१२चा, म्हणजे १२९०चा. पुढे १५८४ मध्ये एकनाथांनी त्यात शिरलेले अपपाठ, म्हणजे चुकीचे पाठ, काढून तो शुद्ध केला, आणि बजावलं की यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणं. तुला काही सुचलं तर वेगळी वही कर, समासात लिहू नकोस.

तुझी आई